वृंदगानाला सोळा माइक? आधी फुटपट्टी काढा

नागपुरातल्या एका तरुण साउंडवाल्या भावाने विचारलंय. त्याच्याकडे दोन टॉप आणि एक बेस स्पीकर, १६ चॅनेलचा मिक्सर आणि आठ एसएम-५८ (शुअरचे गाण्याचे डायनॅमिक माइक) आहेत. वाढदिवस, हळदी, गणपती यांवर त्याचं बरं चाललंय. आता एका महिला वृंदगान मंडळाचा कार्यक्रम आलाय, सायंटिफिक सोसायटीच्या सभागृहात. ३२ गायिका, सोबत संवादिनी, तबला आणि कीबोर्ड. मंडळाचं म्हणणं, दोघींत एक असे सोळा माइक पाहिजेतच. भावाचे प्रश्न असे: आठ माइक आणखी भाड्याने आणू का, की कंडेन्सर (वीज लागणारे, बारीक आवाजही टिपणारे माइक) विकत घेऊ? घेतले तर पैसे निघतील का? आणि नगाला भाडं किती लावू?

भाऊ, आठ आणू नका. तुमच्याकडचे आठही लागणार नाहीत. समूहासाठी दोन कंडेन्सर, एकल ओळींसाठी एक ५८, संवादिनीला एक, तबल्याला दोन, निवेदिकेला एक. कीबोर्ड डीआय बॉक्समधून (त्याचा सिग्नल माइकच्या इनपुटला जुळवून देणारी डबी) थेट मिक्सरला. झाले सात माइक, त्यातले पाच तुमच्याच पेटीतले.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण सगळा घोळ तिथून निघतो. आपल्याकडे माइकचं भाडं नगावर ठरतं. मंडपवाला खुर्च्या मोजतो तसे आपण माइक मोजतो. लग्नात, भाषणात ते चालून जातं. वृंदगानात नगावर भाडं लावलं की गिऱ्हाइकाला वाटतं जास्त माइक म्हणजे जास्त आवाज, आणि आपल्याला वाटतं जास्त माइक म्हणजे जास्त बिल. बोलणी एकदम गोडीत होतात. मग कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्याच कडव्याला शिट्टी (फीडबॅक, म्हणजे स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून घुमणं) वाजते आणि सगळं सभागृह वळून आपल्याकडे पाहतं.

मी हे स्वतः करून बसलोय. धंद्यातलं तिसरं-चौथं वर्ष असेल. एका शाळेचं स्नेहसंमेलन, स्टेजवर साठ पोट्टे, आणि मी मोठ्या ऐटीत चौदा माइक लावलेले. गाणं सुरू झालं, आवाज कमी वाटला म्हणून फेडर (मिक्सरवरच्या आवाजाच्या सरकत्या खुंट्या) वर केले, शिट्टी. खाली केले, तर काहीच ऐकू येईना. पुन्हा वर, पुन्हा शिट्टी. गाण्याचे सर विंगेतून ओरडून राहिले, "काहून बंद केलं जी?" शेवटी वैतागून मी बारा चॅनेल म्यूट केले आणि मधले दोनच ठेवले. त्या दोघांवर पोरं जेवढी ऐकू आली तेवढी चौदांवर आली नव्हती. बिल मात्र मी चौदांचंच घेतलं. तेव्हा अक्कल कमी होती आणि हप्ता जास्त होता.

असं का झालं ते नीट समजून घ्या, कारण मंडळाच्या ताईंना तुम्हालाच समजवायचं आहे. एक माइक उघडा असताना शिट्टीच्या आधी जेवढा आवाज काढता येतो, त्यातले ३ डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) दुसरा माइक उघडताच जातात. चार उघडले की ६, आठ उघडले की ९. प्रत्येक दुपटीला ३ डीबी. म्हणजे दोनाऐवजी सोळा उघडले तर तुम्ही ९ डीबी हातचे घालवले. दुप्पट ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर आणला तरी फक्त ३ डीबी मिळतात, यावरून ९ ची किंमत लक्षात घ्या. शिवाय ते पैसे वाया जातील, कारण शिट्टी अ‍ॅम्प्लिफायर छोटा असल्यामुळे येत नाही.

दुसरं म्हणजे अंतर. ऑर्केस्ट्रातली गायिका ५८ ओठांपासून दोन इंचांवर धरते. वृंदगानात तोच माइक तीन फुटांवर, म्हणजे ३६ इंचांवर जातो. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डीबी पडतो. इथे अंतर अठरा पट वाढलंय, म्हणजे जवळपास २५ डीबी कमी. ते भरून काढायला गेन (मिक्सरमध्ये माइकचा आवाज वाढवायची खुंटी) चढवला की गायिकांबरोबर तबला, पंखा, मागचा स्पीकर आणि पहिल्या रांगेतल्या बाळाचं रडणंही तेवढंच चढतं.

तिसरी गोष्ट कानाला जाणवते, पण लोकांना सांगता येत नाही. माइक दाटीने लावले की एकच गायिका दोन माइकमध्ये जाते. समजा दुसरा माइक तिच्यापासून ३४ सेंटिमीटर जास्त लांब आहे. तिचा आवाज तिथे साधारण एक मिलिसेकंद उशिरा पोचतो. मिक्सरमध्ये दोन्ही एकत्र झाले की ५०० हर्ट्झच्या आसपासचा भाग एकमेकांना खाऊन टाकतो, मग १५०० चा, मग २५०० चा. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. त्यात गायिका लयीत डुलतात, म्हणजे अंतर सतत बदलतं आणि आवाजाचा रंगही. लोक म्हणतात "साउंड काही जमला नाही", आणि आपण उगाच इक्वलायझरशी झटापट करत बसतो.

यावरचा जुना नियम सोपा आहे: माइक गायिकेपासून जितका लांब, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माइकमध्ये ठेवा. तीन फुटांवर माइक असेल तर शेजारचा नऊ फुटांवर.

आता तुमचा कार्यक्रम या हिशोबात बसवू. ३२ जणींच्या तीन रांगा करा: ११, ११, १०. खांद्याला खांदा न लावता, पण मोकाट न सोडता उभ्या केल्या तर रांग साधारण अठरा फूट होते. मागच्या दोन रांगांना पायऱ्या हव्यात. मंडपवाल्याकडून पायऱ्या मागवून घ्या, नाहीतर शाळेच्या बाकांवर तरी उभ्या करा (बाक हलत नाहीत ना, ते स्वतः चढून बघा). दोन कंडेन्सर पहिल्या रांगेच्या दोन फूट पुढे, त्यांच्या डोक्यांच्या दोनेक फूट वर. दोघांमध्ये नऊ फूट, आणि प्रत्येक बाहेरच्या टोकापासून साडेचार फूट आत. तोंड पहिल्या रांगेकडे नाही, शेवटच्या रांगेच्या ओठांकडे. पहिली रांग जवळ असल्यामुळे तशीही ऐकू येतेच. माइक वरून मागच्या रांगेवर रोखला की पुढच्या आणि मागच्या रांगेतला फरक बराच मिटतो. एक चांगला कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) कंडेन्सर पंधरा ते वीस गळे आरामात सांभाळतो. तुमच्याकडे एकाला सोळा आलेत, म्हणजे हिशोब जमला.

दर चौथा माणूस हमखास विचारतो तो प्रश्न: "मधे अजून एक लावू का, सेफ्टीला?" लावा, पण केबल जोडून म्यूट ठेवा. दोनपैकी एक मेला तरच उघडायचा.

कंडेन्सरबद्दल सीताबर्डीच्या दुकानात तुम्हाला सांगतील की तो "लांबून ओढतो". हे अर्धवट आहे. एसएम-५८ आणि रोड एनटी-५ एकाच आवाजासमोर ठेवले तर ५८ साधारण १.८५ मिलिव्होल्ट देतो आणि एनटी-५ साधारण १२. म्हणजे १६ डीबीचा फरक. पण हा फरक मिक्सरच्या गेनच्या खुंटीचा आहे. शिट्टी खुंटी पाहून येत नाही. ती येते माइक, गायिका आणि स्पीकर यांच्या अंतरावरून आणि दिशेवरून. कंडेन्सर लावला म्हणून शिट्टीची मर्यादा वाढत नाही. मग त्याला पैसे का द्यायचे? दोन कारणांनी. तीन फुटांवरून आलेला बारीक आवाज ५८ मधून घ्यायचा तर गेन एवढा चढवावा लागतो की स्वस्त मिक्सरमध्ये "सूं" असा आवाज येतो. आणि छोट्या डायफ्रामचा (आतल्या थरथरणाऱ्या पडद्याचा) कंडेन्सर बाजूच्या गळ्याचा रंग बदलत नाही. ५८ च्या समोरची गायिका छान येते आणि तिच्या दोन जणी पलीकडची दबकी, मंद येते. वृंदगानात सगळा खेळ त्या पलीकडचीचा आहे. स, श, च, त ही अक्षरं ऐकू आली तर शब्द कळतात, आणि शब्द कळले नाहीत तर ते देशभक्तिगीत आहे की अंगाईगीत हे लोकांना निवेदनावरूनच कळतं.

विकत घ्यायचे तर छोट्या डायफ्रामची जोडीच घ्या. रोड एनटी-५ जुळवलेल्या जोडीत मिळतो. शुअर एसएम-८१ जुना, दणकट, पण महाग. एकेजी सी-१००० एस हा तिसरा, माझ्याकडची पहिली जोडी हीच होती. त्याचा फायदा असा की तो बॅटरीवरही चालतो. ज्या मिक्सरला फँटम (माइकला वीज पुरवायची सोय) नाही तिथे तो कामी येतो. तोटा असा की बॅटरी आत विसरली तर ती गळते, आणि मग माइक साफ करताना आपणच गळून जातो. स्टुडिओतले मोठ्या डायफ्रामचे माइक समूहासमोर लावू नका. दिसायला भारी, पण बाजूचा आवाज रंगवतात आणि उंच बूमवर त्यांच्या वजनाने स्टँड डोलतो. छतावरून टांगायचे माइक कायमच्या बसवणीसाठी चांगले. भाड्याच्या धंद्यात शिडी, परवानगी आणि वेळ यांचा हिशोब बसत नाही. आणि कोणी लांब नळीचा शॉटगन सुचवला तर हात जोडा. तो शूटिंगचा माल आहे, सभागृहात नाही जमत.

पण खरं सांगायचं तर पैसे आधी माइकवर टाकू नका, स्टँडवर टाका. डोक्यांच्या वर माइक न्यायचा म्हणजे आठ फुटांपर्यंत जाणारा, जड पायाचा बूम स्टँड लागतो. आपले नेहमीचे स्टँड त्या उंचीला वेड्यासारखे डुलतात. पायावर वाळूची पिशवी ठेवायची. मी जुन्या जीन्सच्या पायाच्या शिवून घेतल्यात. एका महिला मंडळाच्या सरावात पदर अडकून स्टँड पडताना मी पाहिलाय. माइक वाचला, कारण तो एका ताईंच्या खांद्यावर पडला. ताई काही बोलल्या नाहीत, पण त्यांचं ते पाहणं अजून आठवतं.

फँटम म्हणजे ४८ व्होल्ट, मिक्सरकडून केबलमधूनच माइकला जातात. तीन गोष्टी सांभाळा. चॅनेल म्यूट असतानाच चालू-बंद करा, नाहीतर स्पीकरमधून फटाका फुटतो. तुमच्या मिक्सरवर सगळ्या चॅनेलला एकच बटण असेल तर कीबोर्ड साध्या केबलने एक्सएलआरमध्ये (माइकच्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये) घालू नका. डीआय लावा म्हणून आधीच सांगितलं ते यासाठी. आणि तुमचे ५८ घाबरत नाहीत. केबल बरोबर जोडलेली असेल तर डायनॅमिक माइकला फँटमने काही होत नाही. केबल मात्र प्रत्येक कार्यक्रमाआधी टेस्टरवर तपासा. वृंदगानातली निम्मी "खर्र" केबलची असते.

आता तबला. आपल्याकडच्या वृंदगानाचं खरं दुखणं हे आहे, आणि परदेशी व्हिडिओ पाहून हे कळत नाही, कारण तिथे समूहाच्या पुढ्यात बसलेला तबलजी नसतो. आपल्याकडे साथीदार गायिकांच्या समोर, मधोमध, गालिच्यावर बसतात. म्हणजे अगदी तुमच्या दोन कंडेन्सरच्या खाली. तबला कंडेन्सरमध्ये एवढा शिरतो की तबल्याचा माइक बंद केला तरी तो गायिकांपेक्षा मोठा ऐकू येतो. भजनी मंडळात खंजिरी असली तर विचारूच नका. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनाची परंपरा आपली, खंजिरीला मागे पाठवा म्हणण्याची हिंमत माझ्यात नाही. पण बाजूला बसवता येते. साथीदारांना स्टेजच्या डाव्या-उजव्या टोकाला, गायिकांच्या रांगेपेक्षा थोडं पुढे, तिरपं बसवा. कार्डिऑइड माइक पाठीमागून सगळ्यांत कमी ऐकतो. तबला आणि मॉनिटर (गायिकांकडे तोंड केलेला स्टेजवरचा स्पीकर) त्याच्या पाठीमागच्या बाजूला पडतील असं बघा. सुपरकार्डिऑइड (त्याहून अरुंद पट्ट्यात ऐकणारा) असेल तर त्याची बहिरी बाजू थेट मागे नसते, साधारण १२५ अंशांवर असते. तिथे मॉनिटर थोडा बाजूला सरकवायचा.

मॉनिटरमध्ये गायिकांचा आवाज देऊच नका. त्या मागतील. "आम्हाला आमचंच ऐकू येत नाही" असं प्रत्येक मंडळ म्हणतं. त्यांना हवा असतो सूर आणि ठेका. संवादिनी द्या, कीबोर्ड द्या, तानपुरा द्या, थोडा तबला द्या. रांगा जवळ आणि किंचित अर्धवर्तुळात उभ्या केल्या की एकमेकींचं आपोआप ऐकू येतं. आणि ट्रॅकवर (आधी रेकॉर्ड केलेल्या साथीवर) गाणार असतील, हल्ली बरीच मंडळं तेच करतात, तर मॉनिटरमधला ट्रॅक जितका लहान ठेवता येईल तितका ठेवा. तो मॉनिटरमधून कंडेन्सरमध्ये, तिथून मेनमध्ये जातो आणि शब्दांवर शेवाळ चढतं.

मेन स्पीकर माइकच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला, आणि जमेल तितके बाहेर. हे सगळ्यांना माहीत असतं आणि स्टेज लहान पडलं की सगळे विसरतात.

मिक्सरवर फार काही करू नका. समूहाच्या दोन्ही चॅनेलवर लो-कट (खालचा जाड आवाज कापणारी सोय) १०० ते १२० हर्ट्झच्या आसपास लावा. बायकांच्या गळ्यातलं तिथे खाली काहीच नाही, स्टेजची धडधड आहे. पुरुषही असतील तर ८० वर आणा, कारण खर्जातला पुरुषी आवाज तिथपर्यंत उतरतो. शिट्टी शोधायला सभागृह रिकामं असताना गेन हळूहळू चढवा. पहिली शिट्टी येईल ती ३१ बँडच्या इक्वलायझरवर शोधून ३-४ डीबी कापा, मग दुसरी. तिसऱ्या-चौथ्यानंतर थांबा. जास्त कापलं तर गाण्यालाच भोकं पडतात. नंतर फेडर तिथून ५-६ डीबी खाली ठेवा आणि कार्यक्रमभर हात आवरा. समूह गात नसताना कंडेन्सर म्यूट करायचे. निवेदन चालू असताना मागे कोण काय बोलतंय ते सगळ्या सभागृहाला ऐकवायची गरज नाही, आणि मंडळातलं ते बोलणं ऐकण्यासारखंच असतं हे मला माहीत आहे.

सायंटिफिकसारख्या सभागृहात हे पुरेल, पण एवढ्याच भांडवलावर कुठेही जाऊ नका. रेशीमबागेतल्या कविवर्य सुरेश भट सभागृहात दोन हजारांच्या घरात माणसं बसतात. तिथे तीन फुटांवरच्या दोन माइकांवर मागची रांग खूश होणार नाही. माइक जवळ घ्यावे लागतात, रांगा लहान कराव्या लागतात, चार कंडेन्सर लागतात, आणि तिथल्या यंत्रणेच्या माणसाशी आदल्या दिवशी बोलावं लागतं. सदर भागातल्या जुन्या दगडी चर्चमध्ये नाताळची कॅरोल असतील तर उलट. तिथे इमारतच अर्धं काम करते. दोन माइक, अगदी हलका आवाज, आणि स्पीकर लोकांच्या जवळ. मोठ्याने लावलं की शब्द भिंतीभिंतीत फिरत बसतात.

मैदानावर तर वृंदगान अवघडच. भिंती नाहीत, आवाज परत येत नाही, गायिकांना आपला गळा पोकळ वाटतो म्हणून त्या ओरडतात. वर वारा. माइकवर जाड फोम घाला, अंतर दीड-दोन फुटांवर आणा, आणि त्यासाठी माइक वाढवा. इथे मात्र चार किंवा सहा खरंच लागतात. रात्री दहाचं भान ठेवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगा बंद. काही ठरावीक दिवशी शासन बारापर्यंत सूट देतं, पण तो दिवस तुमचा आहे की नाही हे मंडळाकडून लेखी पाहून घ्या. मशीन जप्त झाली तर ती तुमची असते, मंडळाची नाही.

आणि आपला नागपुरी शत्रू, कूलर. मे महिन्यात एका मंगल कार्यालयात स्वागतगीताला मी कंडेन्सर लावले. सगळं चोख. पाहुणे आले, कोणीतरी स्टेजच्या बाजूचे दोन मोठे कूलर चालू केले, आणि स्पीकरमधून ट्रक गेल्यासारखी भर्र सुरू झाली. वारा थेट माइकवर. कूलर बंद करा म्हणालो तर वधूपिता म्हणाले, "भाऊ, साउंड बंद करा, कूलर राहू द्या." ४५ डिग्रीत ते बरोबरच होते. तेव्हापासून उन्हाळ्यात पोचल्या पोचल्या आधी कूलर कुठे आहेत ते बघतो. फोम, लो-कट १५० वर, आणि कूलरचं तोंड रांगेच्या मागच्या भिंतीकडे. दुसरी गोष्ट, ओल. कूलरचा दमट वारा कंडेन्सरला सोसत नाही, मधेच चरचरायला लागतो. परत आल्यावर पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. पावसाळ्यातही. आणि मे महिन्यात माइकची पेटी बंद गाडीत उन्हात सोडून जेवायला जाऊ नका.

कॉर्डलेस माइक समूहाला लागतच नाहीत. निवेदिकेला हौस असते म्हणून एखादा द्या. घेताना कोणत्या पट्ट्यात चालतो ते पाहा. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०२२ च्या लिलावात मोबाइलला गेला. त्या भागात चालणारे जुने सेट दुकानात "बहोत सस्ता" म्हणून अजून मिळतात, ते स्वस्त का आहेत हे आता तुम्हाला कळलं असेल. २.४ गिगाहर्ट्झवाले छोटे सेट घरच्या कार्यक्रमाला ठीक. पाचशे लोक खिशात वायफाय चालू ठेवून बसले की ते दम तोडतात.

शाळांच्या समूहगान स्पर्धा तुम्हाला बऱ्याच मिळतील. सात-आठ पोरं, एक संवादिनी, एक तबला, आणि दर पाच मिनिटांनी नवीन शाळा. तिथे कंडेन्सर नको. तुमचे दोन ५८ तोंडाच्या उंचीला लावा, चार पोरं एका माइकभोवती कमानीत, एक-दीड फुटावर. जमिनीवर टेपने कमान आखा. उंच पोरं मागे. तेवढ्यावर उत्तम होतं, आणि प्रत्येक शाळेला सारखीच जागा मिळाल्यामुळे परीक्षकांपुढे कुणी तुमच्या नावाने रडत नाही.

आता पैसे. नगावर लावू नका, कार्यक्रमावर लावा. कागदावर एकच रक्कम लिहा: "वृंदगान ध्वनिव्यवस्था, तालमीला एक फेरी, कार्यक्रमाआधी दोन तास, माणसासह." आतला हिशोब तुमचा तुम्ही करा. मी सामानाच्या खरेदीच्या पाच टक्के एका कार्यक्रमाला धरतो. समजा जोडी, स्टँड आणि केबल मिळून ४० हजारांना पडली, तर २ हजार. वीस कार्यक्रमांत पैसे मोकळे. नागपुरात वृंदगानाचा हंगाम गणपती-नवरात्रापासून सुरू होतो, डिसेंबर-जानेवारीत शाळांची संमेलनं आणि नाताळ येतो, मग २६ जानेवारी. नुसत्या वृंदगानावर वीस व्हायला दीड वर्ष जाईल. पण तीच जोडी संतूर, सतार, नाटक, परिसंवादाचं रेकॉर्डिंग यालाही जाते, म्हणून वर्षात निघते. त्यावर तुमचा आणि मदतनिसाचा दिवस, गाडी, आणि तालमीची फेरी. तालमीचे वेगळे पैसे लिहू नका. लिहिले की मंडळ म्हणतं "तालीम नको मग", आणि पुढे सगळं तुमच्या अंगावर येतं. जीएसटी नोंदणी असेल तर तो १८ टक्के खाली वेगळा दाखवा.

निम्मे पैसे बयाणा म्हणून आधी. मंडळं प्रामाणिक असतात, पण खजिनदार गावाला गेलेल्या असतात.

नुसता माल, माणसाशिवाय द्यायचा का? ५८ द्या, खुशाल द्या. तो पडतो, थुंकी खातो, पुन्हा चालतो. परत आल्यावर जाळी काढून धुवा, फोम वाळवा, मगच पुढच्या घरी. कंडेन्सर ओळखीच्या साउंडवाल्यालाच, नंबर लिहून, फोटो काढून, डिपॉझिट घेऊन. पावतीवर एक ओळ लिहून ठेवा की पडून फुटला तर दुरुस्तीचे पैसे घेणाऱ्याचे. आणि स्वतःच्या माइकांवर रंगीत टेप लावा. एका कार्यक्रमात दोन साउंडवाले असले की रात्री साडेअकराला सगळे ५८ सारखेच दिसतात. एकदा माझा एक अस्सल जाऊन एक नकली पेटीत आला होता. हातात घेतल्यावर कळलं. खरा ५८ जवळपास ३०० ग्रॅमचा असतो, हा अगदीच हलका.

आता राहिल्या मंडळाच्या ताई. दोनाने भागेल म्हटलं तर "आमच्या मागच्या रांगेला माइकच नाही?" असं होणारच. एक पळवाट सांगतो, जी मी दोनदा केली आणि सोडली: पुढे चार बंद माइक उभे करणे. लोक खूश होतात. पण एकल ओळ आली की गायिका रांग सोडून त्या मेलेल्या माइककडे जाते आणि खऱ्या माइकच्या बाहेर पडते. त्यापेक्षा तालमीला जाताना जोडी, दोन स्टँड आणि एक स्पीकर घेऊन जा. एक कडवं दोन कंडेन्सरवर गाऊ द्या आणि हॉलच्या मागे उभं राहून मोबाइलवर रेकॉर्ड करा. मग तेच कडवं तुमच्या आठ ५८ वर, समोर दाटीने लावून. दोन्ही त्यांनाच ऐकवा, आधी आठवालं. मागच्या रांगेतल्या काकूंना मुद्दाम जवळ बोलवा. स्वतःचा आवाज कशात ऐकू येतो ते त्या सगळ्यांत आधी सांगतील, आणि पुढचं मंडळाला समजवायचं काम त्याच करतील.

जोडी अजून घेतली नसेल तर तालमीपुरती कुठूनतरी भाड्याने आणा. घ्यायची की नाही ते त्या संध्याकाळनंतर ठरवा.